पिसाचा मनोरा आणि ताऱ्यांचें अंतरंग

इटलींत जाणारा आपल्याकडील प्रवासी रोमची भव्यता व व्हेनिसचे कालवे पाहून झाले, कीं पिसाचा कलता मनोरा पाहण्यासाठीं एक दिवस काढतो. मनोऱ्याला आपणच हातानें टेकूं देत आहों असें छायाचित्र काढवून घेतो, आणि संध्याकाळच्या गाडीनें फ्लोरेन्सचा रस्ता धरतो. त्याच पिसापासून थोड्याच अंतरावर, आर्नो नदीच्या सपाट खोऱ्यांत, काशिना नांवाच्या गांवाच्या हद्दींत एक अपूर्व वेधशाळा आहे, याची वार्ता फार थोड्यांस असते. या वेधशाळेला घुमट नाहीं, दुर्बीण नाहीं. ती आकाशाकडे पाहतच नाहीं. तथापि जेथून प्रकाशाचा एक किरणहि बाहेर पडत नाहीं अशा ठिकाणची, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटांतली, खबर मनुष्याला ज्या तीन ठिकाणांनीं मिळवून दिली, त्यांतील हें एक होय. माझे थोरले बंधु, वहिनी आणि मी अशीं तिघें इटलींत गेलों असतां हें स्थळ पाहण्याचा योग आला. त्याची हकीकत वाचकांस रुचेल असें वाटतें.

प्रथम मनोऱ्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण पुढील विषयाची गुरुकिल्ली त्यांतच आहे. या मनोऱ्याचें बांधकाम ११७३ सालीं सुरू झालें. तिसरा मजला उभा राहतो न राहतो तोंच तो एका अंगास खचूं लागला. गवंड्यांच्या हाताला दोष देण्याचें कारण नव्हतें. दक्षिणेच्या बाजूस पायाखालची चिकणमाती मऊ होती. ती कोणीं डोळ्यांनीं पाहिली नव्हती. मनोऱ्यानेंच कलून तिची साक्ष दिली. पुढें १९९० सालीं तो धोकादायक ठरून बंद करण्यांत आला, तेव्हां स्थापत्यशास्त्रज्ञांनीं उत्तरेकडची माती थोडथोडी काढून कल अर्ध्या अंशानें कमी केला व २००१ सालीं तो लोकांस पुन्हां खुला झाला. एकंदरींत, जी वस्तु फोडून पाहतां येत नाहीं तिचें अंतरंग जाणण्याचा उपाय एकच: ती ओझ्याखालीं किंवा ओढीखालीं किती वाकते हें पाहावें.

मनोऱ्याच्या शेजारींच तेथील प्रसिद्ध प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या छतापासून लोंबणारा दिवा झोके घेत असतां तरुण गॅलिलिओनें आपल्या नाडीच्या ठोक्यांवर ते झोके मोजले, आणि झोका लहान असो वा मोठा असो, त्यास लागणारा काळ सारखाच असतो हें ताडलें, अशी आख्यायिका आहे. आज दाखवितात तो दिवा त्या प्रसंगानंतरचा आहे असें जाणकार म्हणतात. पण गॅलिलिओ याच गांवीं १५६४ सालीं जन्मला आणि लंबकाचा अभ्यास त्यानें केला, हें मात्र निर्विवाद. त्याचा हा लंबक आम्हांस काशिना येथें अगदीं निराळ्या वेषांत पुन्हां भेटावयाचा होता.

पिसा सोडून मोटार आग्नेय दिशेस वळली, कीं दोहों बाजूंस शेतें लागतात. एका अंगास पिसाच्या डोंगराची निळसर रेघ, बाकी सर्वत्र सपाटी. अशा शेतांमधून एकाएकी लांबच लांब, सरळ रेषेंत गेलेली, बोगद्यासारखी ठेंगणी इमारत दिसूं लागते. तिचें दुसरें टोंक नजरेच्या टप्प्यांत येत नाहीं. अशा दोन इमारती एकमेकींस काटकोनांत जोडलेल्या असून प्रत्येकीची लांबी ३ किलोमीटर आहे. कन्या राशींतील दीर्घिकांच्या थव्यावरून या यंत्राचें नांव ‘व्हर्गो’ असें ठेविलें आहे. फ्रान्स व इटली या दोन देशांनीं तें उभारलें व २००३ सालीं त्याचें उद्घाटन झालें. आगाऊ नांव नोंदविलें असतां सामान्य प्रवाशांसहि तें पाहतां येतें. आम्हांस हिंडवून दाखविणारा गृहस्थ तेथीलच एक तरुण संशोधक होता. इंग्रजी स्वच्छ बोले, आणि प्रश्नाला कंटाळत नसे.

यंत्राचें तत्त्व समजण्यास अवघड नाहीं. काटकोनाच्या कोपऱ्यांत लेझर किरणाचे दोन भाग करून एकेक भाग एकेका बाहूंत सोडतात. टोंकाच्या आरशांवरून परावृत्त होऊन ते परत आले, कीं त्यांचा पुन्हां मेळ घालतात. दोन्ही वाटा ठरल्या मापाच्या असतील तर दोन्ही किरण एकमेकांस मारून टाकतात व अंधार पडतो. एका वाटेंत यत्किंचित् फरक पडला तर प्रकाशाचा अंश दिसूं लागतो. दूर कोठें दोन प्रचंड वस्तु एकमेकींभोंवतीं गरगर फिरूं लागल्या, म्हणजे आईन्स्टाईनच्या सिद्धान्ताप्रमाणें अवकाशांतच तरंग उठतात. तो तरंग येथून जातांना एक बाहू लांबवितो व दुसरा आंखडतो. हा फरक किती म्हणाल, तर अणूच्या गर्भांतील प्रोटॉनच्या जाडीचा सुमारें हजारावा हिस्सा! एवढा फरक मोजावयाचा म्हणून किरणांचा मार्ग हवेंतून नेऊन चालत नाहीं. सव्वा मीटरच्या आसपास रुंदीच्या पोलादी नळ्यांतील हवा जवळजवळ संपूर्ण काढून टाकलेली असते.

“आणि शेजारून बैलगाडी गेली तर?” असें वहिनींनीं विचारलें. बैलगाडी तिकडे नाहीं, पण प्रश्न बिनचूक होता. समुद्र दूर नाहीं. त्याच्या लाटांनीं सारी भूमि अष्टौप्रहर सूक्ष्म कंप पावत असते. रस्त्यावरच्या गाड्या, वारा, शेतांतलीं यंत्रें यांची भर निराळी. यावर तोड काढण्यांत अदाल्बेर्तो जियाझोत्तो या शास्त्रज्ञानें आयुष्याचा मोठा भाग वेंचला. घरच्या घरीं करून पाहण्यासारखा एक प्रयोग येथें सांगतों. एक जड कुलूप दोऱ्याला टांगून दोरा हातांत धरावा. हात सावकाश हलविला तर कुलूप हाताबरोबर जातें. पण हात भरभर थरथरविला तर कुलूप जागच्या जागीं स्तब्ध राहतें. गॅलिलिओच्या लंबकाचा हाच गुण जियाझोत्तोनें कामास लाविला. एकाखालीं एक असे अनेक लंबक टांगून त्यांच्या शेवटीं आरसा लोंबत ठेविला, म्हणजे जमिनीचा जलद कंप एकेका पायरीवर गळत जातो व आरशापाशीं अब्जावधि पटींनीं क्षीण होतो. आरसा ३५ सेंटीमीटर व्यासाचा व ४२ किलो वजनाचा, शुद्ध सिलिका कांचेचा. तो कांचेच्याच केसासारख्या धाग्यांवर टांगावयाचा बेत होता. पण धागे तुटूं लागले, तेव्हां २०१७ सालीं पोलादी तारांवर टांगून वेळ साजरी करावी लागली. पुढें कांचेचे धागे बसले.

ही वेळ साजरी करण्याची निकड कां होती, तेंहि सांगितलें पाहिजे. व्हर्गो यंत्रानें आपल्या पहिल्या अवतारांत २०११ पर्यंत कान लावून पाहिलें. कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग तें सुधारणेसाठीं बंद ठेविलें. आणि नेमकें तेव्हांच, १४ सप्टेंबर २०१५ रोजीं, अमेरिकेंतील लायगोच्या दोन यंत्रांनीं गुरुत्वलहरी प्रथम टिपल्या! घरचें कार्य आणि आपणच परगांवीं, तशी येथील मंडळींची गत झाली. अखेर १ ऑगस्ट २०१७ या दिवशीं व्हर्गो कामावर रुजू झालें. आणि त्या खेपेचे वेध तर २५ ऑगस्टला संपावयाचे होते. हातीं काय ते पंचवीस दिवस.

आतां न्यूट्रॉन तारा म्हणजे काय तें पाहूं. मोठ्या ताऱ्याचें इंधन सरलें, कीं त्याचा गाभा स्वतःच्याच भारानें कोसळतो. अणूंतील मोकळी जागा नाहींशी होते, इलेक्ट्रॉन व प्रोटॉन एकमेकांत मिसळून न्यूट्रॉन बनतात. चॅडविकनें १९३२ सालीं न्यूट्रॉन शोधला आणि लागलीच १९३४ सालीं बाडे व झ्विकी या दोघांनीं असे तारे असावेत असें भाकीत केलें. १९६७ सालीं जोसेलिन बेल या विद्यार्थिनीच्या कागदपट्टीवर त्यांचे पहिले ठोके उमटले. सूर्यापेक्षां दीडपट द्रव्य एका शहराएवढ्या गोळ्यांत कोंबलेलें असतें. चहाचा चमचाभर घेतलें तर त्याचें वजन शेंकडों कोटि टन भरेल. वरचें कवच सुमारें एक किलोमीटर जाडीचें. त्याच्या तळाशीं अणुगर्भ दबून प्रथम गोळ्यांचा, मग लांब तंतूंचा, मग पापुद्र्यांचा आकार घेत असावेत असें गणितानें निघतें. या आकारांस शास्त्रज्ञांनीं इटालियन पक्वान्नांचींच नांवें दिलीं आहेत. आपल्याकडे शोध लागता तर त्यांना शेवया व पापड म्हटलें असतें!

पण त्याच्याहि आंत काय? खरें कोडें येथेंच आहे. गाभ्यांत नुसते न्यूट्रॉनच राहतात, कीं त्यांहून जड असे विरळा कण उत्पन्न होतात, कीं न्यूट्रॉनहि फुटून त्यांच्यांतील क्वार्क मोकळे होतात, हें पृथ्वीवरील प्रयोगशाळेंत करून पाहतां येत नाहीं. प्रत्येक तर्काप्रमाणें द्रव्याचा ताठरपणा निराळा येतो. द्रव्य ताठर असेल तर तें भाराला दाद देणार नाहीं व तारा आकारानें मोठा राहील. मऊ असेल तर दबून तारा लहान होईल. संशोधकानें पुढें सांगितलें, कीं असे दोन तारे एकमेकांजवळ आले म्हणजे, चंद्रानें समुद्राला भरती यावी तशी, प्रत्येक तारा दुसऱ्याला ओढून लांबट करतो. आणि गंमत अशी, कीं ताठर द्रव्याचा तारा अधिक ओढला जातो, मऊ द्रव्याचा कमी.

दादा बुचकळ्यांत पडले. “हें उलटेंच झालें! ताठर तें कमी वांकावें.”

वहिनी मात्र हंसल्या. त्या मजकडे वळून म्हणाल्या, “भावोजी, उलटें कसें? चुरमुऱ्यांचा लाडू आठवा. चुरमुरे मुठीला दबत नाहींत, म्हणून लाडू केवढा थोरला होतो, आणि जरा ओढला कीं विसकटतो. बेसन मुठींत दबतें. लाडू लहान पण घट्ट. डबा हलला तरी ढिम्म!”

हें मीं त्या संशोधकास इंग्रजींत समजावून दिलें. त्यानें क्षणभर विचार केला व म्हणाला, कीं मूठ म्हणजे ताऱ्याचें स्वतःचें गुरुत्वाकर्षण असें धरलें तर बाईंचें म्हणणें अगदीं यथार्थ आहे. मोठ्या ताऱ्याचा पृष्ठभाग मध्यापासून दूर, म्हणून त्यावर मध्याची पकड ढिली आणि शेजाऱ्याची ओढ भारी.

तर लाडू घट्ट कीं विसविशीत, याचा निर्णय १७ ऑगस्ट २०१७ रोजीं लागूं लागला. तो श्रावणांतला गुरुवार होता. इटलींत दुपारचे २ वाजून ४१ मिनिटें झालीं होतीं. आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटें, दिवेलागणीची तयारी. १३ कोटि प्रकाशवर्षें दूर असलेल्या एका दीर्घिकेंतील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या शेवटच्या प्रदक्षिणांचे तरंग त्या क्षणीं पृथ्वीवर पोंचले. सुमारें १०० सेकंद तो नाद टिकला. सेकंदास २४ कंपनांच्या खर्जापासून चढत चढत तो शेंकडोंच्या घरांत गेला. तेवढ्यांत तरंगांचीं सुमारें ३,००० आवर्तनें झालीं. संपल्यावर १.७ सेकंदांनीं फर्मी नांवाच्या उपग्रहानें गॅमा किरणांची चमक टिपली. तेरा कोटि वर्षांच्या शर्यतींत दोघांत एवढेंच अंतर! गुरुत्वलहरी प्रकाशाच्याच वेगानें धांवतात, हें यावरून निर्विवाद ठरलें.

हा सोहळा थोडक्यांत हुकला असता. अमेरिकेंतील हॅनफर्डच्या यंत्रानें नाद स्पष्ट टिपला. पण लिव्हिंगस्टन येथें ऐन रंगाच्या वेळीं यंत्रांत एक खडखडाट झाला, आणि स्वयंचलित व्यवस्थेनें तेथील नोंदच बाद ठरविली. माणसांनीं डोळ्यांनीं तपासलें तेव्हां त्या खडखडाटाच्या मागें तोच नाद उभा असल्याचें दिसलें. आणि काशिना? येथें नाद ऐकूंच आला नाहीं म्हटलें तरी चालेल. यंत्र चालू होतें, आरसे स्थिर होते, तरी नोंद कोरी. तथापि हीच मोलाची साक्ष ठरली. प्रत्येक यंत्राला आकाशाचे कांहीं भाग जवळजवळ ऐकूं येत नाहींत. व्हर्गोला हा नाद लागला नाहीं, त्या अर्थीं तारे त्याच्या अशाच एका बहिऱ्या कोपऱ्यांत असले पाहिजेत! शोधाचा प्रदेश एकदम आकुंचित होऊन २८ चौरस अंशांवर आला. अकरा तासांच्या आंत चिली देशांतील लास कंपानास येथील एक मीटरच्या दुर्बिणीला वासुकी तारकासमूहांतल्या एन्‌जीसी ४९९३ या दीर्घिकेजवळ नवा ठिपका दिसला. त्याच्या प्रकाशावरून सोन्यासारखीं जड मूलद्रव्यें अशा टकरींतहि घडतात हें कळलें. पुढें खोडदच्या आपल्या विशाल रेडिओ दुर्बिणीनेंहि त्याच ठिपक्याचा पाठपुरावा केला.

आतां मूळ प्रश्नाकडे. तारे ओढले गेले कीं नाहीं, हें नादावरून कसें कळावें? गायनाचे जाणकार वाचक हें सहज समजतील. गुरुत्वलहरींचा हा गायक विलंबित लयींत सुरुवात करून द्रुताकडे जातो. तारे म्हणजे नुसते बिंदु असते तर लय कशी वाढावी याचा हिशेब आईन्स्टाईनच्या गणितानें पक्का आहे. पण तारे ओढले जाऊन लांबट झाले, कीं त्या कामीं कांहीं शक्ति खर्च होते, परस्परांची ओढ वाढते, आणि प्रदक्षिणा किंचित् लौकर आटोपते. म्हणजे सम हिशेबाआधीं येते. हा फरक अगदीं शेवटच्या थोड्या आवर्तनांतच पडतो. संशोधकांनीं तो शोधला, तेव्हां सम फारशी आधीं येत नाहीं असें आढळलें. म्हणजे तारे थोडेच ओढले गेले. लाडू घट्ट होते. २०१८ सालीं केलेल्या हिशेबांत प्रत्येक ताऱ्याची त्रिज्या ११.९ किलोमीटर निघाली, इकडेतिकडे १.४ किलोमीटरची सूट ठेवून. ज्या उपपत्तींप्रमाणें द्रव्य अति ताठर व तारा थोराड यावा, त्या एका दिवसांत मागें पडल्या.

पण म्हणून द्रव्य अगदीं मऊ आहे असेंहि नव्हे. सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचे न्यूट्रॉन तारे २०१० पासून सांपडले आहेत. द्रव्य फार मऊ असतें तर ते तगलेच नसते, कोसळून कृष्णविवर झाले असते. एका बाजूनें लहरींचा पुरावा, दुसऱ्या बाजूनें या भारी ताऱ्यांचा. सत्य या दोहोंच्या कैचींत सांपडलें आहे. ताऱ्याचा एक कणहि हातीं न लागतां त्याच्या पोटांतील द्रव्य किती दबतें हें सांगतां येऊं लागलें, हा केवढा पल्ला!

तरीपण गाभ्यांत क्वार्क मोकळे आहेत कीं नाहींत, याचें उत्तर त्या नादांत मिळालें नाहीं. तें ज्या अखेरच्या क्षणांत दडलेलें, तेथें स्वर इतका चढला, कीं यंत्राच्या स्वतःच्या गुणगुणींत बुडून गेला. टक्कर झाल्यावर काय उरलें, तारा कीं कृष्णविवर, हेंहि त्यामुळें ऐकूं आलें नाहीं. २५ एप्रिल २०१९ रोजीं अशीच दुसरी टक्कर टिपली गेली. पण तेव्हां हॅनफर्डचें यंत्र बंद होतें, तारे अधिक दूर होते, आणि अंतरंगाविषयीं ती फारसें बोलली नाहीं. म्हणून युरोपांत आतां जमिनीखालीं, कितीतरी लांब बाहूंचें नवें यंत्र उभारण्याचा बेत आहे. त्यासाठीं इटलीच्या सार्डिनिया बेटांतील जुन्या खाणीजवळची जागाहि विचाराधीन आहे.

या कामांत आपल्या महाराष्ट्राचा हात पूर्वीपासून आहे, हें वाचकांस ऐकून समाधान वाटेल. गोंगाटांतून हा क्षीण नाद निवडावयाचा कसा? तर गव्हांतले खडे वेंचणारीला खडा कसा दिसतो हें आधीं ठाऊक असावें लागतें, त्याप्रमाणें नादाचे नमुने गणितानें आधींच तयार ठेवून नोंदीवर एकामागून एक लावून पाहावयाचे. कोणते नमुने घ्यावेत, याचा शास्त्रशुद्ध विचार पुण्याच्या आयुका संस्थेंतील संजीव धुरंधर यांनीं आपले सहकारी सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ च्या सुमारास मांडला. लहरी सांपडण्यापूर्वीं चोवीस वर्षें! आणि हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथ या पुरातन क्षेत्राजवळ चार किलोमीटर बाहूंचें लायगोचें भारतीय यंत्र उभारण्यासाठीं केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें २,६०० कोटि रुपये मंजूर केले आहेत. अमेरिका व युरोप यांपासून दूर असा हा कान मिळाला, म्हणजे एकाचा बहिरा कोपरा दुसऱ्याला उघडा राहील व नादाचें ठिकाण अधिक नेमकें सांगतां येईल.

जियाझोत्तो यांच्याविषयीं एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. त्यांना खनिजांचे सुंदर स्फटिक जमविण्याचा मोठा नाद होता. जमिनीच्या पोटांत दाबाखालीं द्रव्य कोणतें रूप घेतें, त्याचा तो संग्रहच म्हणावयाचा. आकाशाच्या पोटांतली पहिली खबर १६ ऑक्टोबर २०१७ रोजीं जगाला जाहीर झाली; पुढच्याच महिन्यांत ते निवर्तले. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनीं जमिनीचा कंप शमविण्यांत घालविला होता. ऐकूं येण्याचा काळ त्यांच्या वाट्यास चार महिनेहि आला नाहीं. औंढ्याच्या माळावर आरसे टांगण्यासाठीं आज ज्या तरुण-तरुणी सिद्ध होत आहेत, त्यांनाहि अशीच वाट पाहावी लागेल. त्यांतील एखादी आपल्याच कोणाच्या घरची असेल, तर ती घरीं काय काम करते याचा वडील माणसांनीं कंटाळा न करतां एकदां विचार करून पाहावा. स्वयंपाकघरांतला दाखला तयारच आहे.